हळद लागलेला टेप

माझे धाकटे दीर परदेशात गाणी म्हणून पोट भरतात, हे आमच्या गावाला पुष्कळ दिवस पटत नव्हते. बोटीवर कांदे सोलतात, गोदीत पोती उचलतात, हे पटायचे. पण गाणी? विहिरीवर बायका मला विचारायच्या, "तुजा दीर तिकरं भजनी हाय का बँडवाला?" मला नीट सांगता यायचे नाही. दोन्ही नाही आणि दोन्ही थोडे थोडे, असे काहीतरी ते होते. मी घागर भरून निघून यायची.

चारचौघांत बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही मास्तरांनी कविता म्हणायला उभे केले की भिंतीकडे तोंड करून म्हणायची. लग्न होऊन बोनकोड्याजवळच्या या गावात आले, तर सासूबाई निघाल्या गावच्या धवळारीण.

आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजीच्या आधी धवळारीण लागते. मांडवात ती नवऱ्याच्या किंवा नवरीच्या पाटाजवळ बसते आणि एकेक ओळ टाकते. ती ओळ म्हणजे सवाल असतो. तो ती हळूच, अगदी कानात सांगितल्यासारखा विचारते. तिच्या मागे बसलेल्या बायका त्याचा जबाब मोठ्याने देतात. टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नाही, वरच्यावर झेलायची. ओळ पडली तर लग्नाला बरे नसते. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी झेलणाऱ्या बायकांत बसवले. मला ते आवडले, कारण पाच जणींत आपला एक आवाज लपून जातो.

मांडवाबाहेर मात्र सासूबाई धवळ्याचा, म्हणजे त्या लग्नगाण्याचा, एक शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. दळताना नाही, लावणीच्या चिखलात नाही. कुणी हौसेने गुणगुणली तर तिला गप्प करायच्या. "बिनलगनाचा धवला भटकतो," म्हणायच्या. "ज्याचे तोंडातून निघतो त्याचे पायाला लागतो. मग त्याला कंय बसू देत नाय."

दिरांच्या पायाला तो आधीपासूनच लागला होता असे मला वाटते. जेवतानासुद्धा त्यांचा गुडघा हलत राहायचा. सासूबाई पळीने त्या गुडघ्यावर मारायच्या. गावात त्यांची बेंजो पार्टी होती. हळदीच्या रात्री पुरुष मांडवाबाहेर बेंजो आणि ढोलकी वाजवत बसत, आम्ही बायका आत. दुसऱ्या दिवशी ते माझ्या चुलीपाशी येऊन बसत आणि विचारत, "वयनी, आतमधी काय गाता गो तुमी? मना सांग ना."

"बायकांचा हाय. तुमाला काय करायचा?"

"बेंजोवर बसवाचा हाय."

"आत्या पाय मोडतील तुमचे." सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"मोडू दे. तेवराच गप बसन."

मी हसायची, पण सांगायची नाही.

शेते नव्या शहरासाठी सरकारकडे गेली त्या सुमारास ते गेले. आमचे मालक महापेच्या कारखान्यात लागले होते. त्यांनी दिरांसाठीही तिथे शब्द टाकला होता. दीर गेले, दिवसभर एका मशीनसमोर उभे राहिले, आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "दादा, त्या मशीनला एकच ताल येतो." पुढच्या महिन्यात उरणच्या एका खलाशाच्या ओळखीने मालाच्या बोटीवर भटारखान्यात लागले. बेंजो चादरीत गुंडाळून नेला. सासूबाईंना वाटले, एक फेरी करून येतील, मग लग्न करून टाकू. मुलगीही त्यांनी मनात धरून ठेवली होती. पण दीर हॉलंड देशात रॉटरडॅम नावाच्या बंदरात उतरले आणि बोट त्यांच्याशिवाय परत आली.

वर्षभर नुसती कार्डे आली. घरात वाचता येणारी मीच, म्हणून मीच वाचायची. मग एकदा तोच उरणचा खलाशी एक खोके घेऊन आला. त्यात टेपरेकॉर्डर होता आणि एक कॅसेट. सारी आळी ओट्यावर जमली. बटणे कशी दाबायची ते खलाशाने मला दाखवले, आणि तेव्हापासून ते काम माझ्याकडेच राहिले.

आधी खरखर झाली. मग दिरांचा आवाज आला, "आय, जेवलीस का?"

सासूबाई पुढे सरकून म्हणाल्या, "जेवले बाबा. तू?"

पण आवाज थांबला नाही, पुढे बोलतच राहिला. लोक हसले. सासूबाई रागावल्या, "माजा ऐकून तरी घे!"

दीर सांगत होते की दिवसा गोदीत काम करतो आणि शनिवारी एका दारूच्या दुकानाच्या तळघरात गातो. सोबत एक ढोलकवाला आहे. त्याचे पणजोबा ऊस तोडायला इकडून बोटीने सुरिनाम नावाच्या देशात गेले होते. तो असली हिंदी बोलतो की मला निम्मी कळते आणि त्याला माझी निम्मी. एक काळा माणूस गिटार वाजवतो. मी बेंजो वाजवतो. गाणी मीच जुळवतो, त्यात आपली हळदीची गाणी आहेत, ढोलकवाल्याच्या देशातली बैठकीची गाणी आहेत, गिटारवाल्याचे दुःख आहे. "आय, आता ऐक."

आणि गाणे सुरू झाले. आम्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिले. चाल धवळ्याची होती. शब्दही आमचेच होते. "बसला गो, हलदीचा नवरा बसला." मग मध्ये गिटार. मग, "आणली गो, खारीवरून हलद आणली." पण सवाल एकही नव्हता. बाहेर बसणाऱ्या माणसाला मोठ्याने झेललेले तेवढेच ऐकू आले होते. धवळारणीची ओळ त्यांच्या कानापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

शेजारच्या काकीला आधी हसू फुटले. "यो त नुसता जबाब देतोय. इचारला कोनी?"

"पोलिसानं इचारला असल!"

"बसला म्हनतोय. कंय बसला? गोदीत?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सासूबाई हसल्या नाहीत. गाणे संपल्यावर त्यांनी मला विचारले, "लगीन कुनाचा हाय?"

"कुनाचा नाय आत्या. असाच गातात."

"असाच," त्या म्हणाल्या. "मंग कसा बसल त्यो पोऱ्या घरात? जल्ला, अरधा धवला घेऊन फिरतोय."

त्या दिवसापासून हे त्यांच्या मनात बसले. मुलगा भटकतो आहे, कारण तो बिनलग्नाचा, अर्धा धवळा गातो. पुरा व्हायला हवा. आणि पुरा होणार तो त्याच्या स्वतःच्या मांडवातच.

आम्ही उत्तराची कॅसेट भरली तेव्हा त्यांनी तेवढेच सांगितले, "घरी ये. पाटावर बस. मी सारा गाते." पुढच्या कॅसेटमध्ये दीर म्हणाले, "आय, मना आथा कलला का सवाल माज्याकडं नाय. तू गा, वयनी बटन दाबल." तिकडून, "गाऊन पाठव." इकडून, "येऊन ऐक." अशा किती कॅसेटी त्या खलाशाच्या पिशवीतून गेल्या आणि आल्या. मधे मी होते, बटणावर बोट ठेवून.

दिरांचे नाव होत गेले. तळघरातून ते मोठ्या हॉलात गेले. तिकडच्या रेडिओवर त्यांचे गाणे लागले. एका कंपनीचा माणूस रेकॉर्ड काढायला तयार झाला, पण म्हणाला, दुकानात ही कुठल्या फळीवर ठेवायची ते मला कळत नाही. आमच्या गाण्यांत बसत नाही, तुमच्यांत बसत नाही, नाचाच्यात बसत नाही. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्योच बसत नाय, त त्याचा गाना कसा बसल?"

ढोलकवाल्यानेही त्यांना सांगितले होते, हे गाणे एका हाताची टाळी आहे. दिरांनी त्या कॅसेटच्या शेवटी मला वेगळे सांगितले, "वयनी, तुना दोन्ही येतात. आय नाय गात त तूच गा."

ते खरे होते. इतकी वर्षे मागे बसून मला सवालही पाठ झाले होते. पुढचे कितीतरी दिवस मला स्वस्थता नव्हती. भाकरी थापताना ओठ हलायचे. माझ्यामुळे त्यांचे काम अडले आहे असे वाटायचे आणि दुसऱ्या क्षणी वाटायचे, हे माझे नाहीच, मी कोण देणारी? एका दुपारी घरात कुणी नव्हते. मी टेप चुलीजवळ घेतला, लाल बटण दाबले आणि पहिला सवाल म्हटला. मग मागे फिरवून ऐकला. सवाल वाटतच नव्हता. कुणाची तरी वाट पाहणारा आवाज वाटत होता. मी पुसायला बटण शोधत होते तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "तुजा आवाज झेलाचा हाय, बाय. टाकाचा नाय."

एवढेच बोलल्या. डोक्यावरचा लाकडांचा भारा उतरवून बाहेर हात धुवायला गेल्या. मला वाटले होते की रागावतील. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मग एका पाकिटातून फोटो आला. दीर हॅट घालून, बेंजो काखेत धरून उभे, आणि शेजारी एक उंच गोरी बाई, अंगात आखूड कोट. मागे लिहिले होते, "आमचे लग्न झाले. सरकारी कचेरीत. ढोलकवाला साक्षीला होता." मी वाचले आणि थांबले. मालक म्हणाले, "पुढं काय?" पुढे काहीच नव्हते.

सासूबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका सांत्वनाला आल्यासारख्या आल्या. काकी म्हणाली, "जाऊ दे गो. मांडव नाय, हलद नाय, त्याला काय लगीन म्हनाचा?"

सासूबाई उठल्या. मग मालकांना हाक मारली. "मांडव घाल."

"कुनाचा?"

"तुज्या भावाचा."

"आय, त्यो तिकरं हाय."

"त्याचा आवाज हाय ना घरात? मंग?"

"लोक हसतील."

"हसू दे. लगनात लोक हसतातच."

दोन दिवसांनी मालकांनी बांबू आणले, वर झावळ्या टाकल्या आणि उंबराची फांदी बांधली. मधोमध पाट मांडला. पाटावर धुतलेले धोतर घडी करून ठेवले आणि त्यावर टेपरेकॉर्डर. शेजारच्या पाटावर नवरीच्या जागी नारळ. मी नवे सेल घातले, कारण त्या दिवसांत वीज कधीही जायची.

सारे गाव बघायला आले. आणि बायकांची जीभ काय, मांडव दिसला की सुटतेच.

"नवरा कालाच हाय गो!"

"दात बग कवरे, सारे एका रांगेत." हे बटणांना.

"नाक नाय त्याला."

"आवाज हाय ना, नाक कनाला?"

"नवरा लायटीवर चालतो का शेलावर?"

"तुजा कशावर चालतो ते सांग आधी!"

मालक लाजून मागच्या दारी गेले. सासूबाईंचा चेहरा मात्र कुठल्याही लग्नात असतो तसाच होता. त्यांनी आंब्याच्या पानाने टेपच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली, मग नारळाला लावली. हळद जास्त पातळ झाली होती, ती बटणांच्या फटीत उतरली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दाब."

मी लाल बटण दाबले. चाके फिरू लागली आणि बारीक लाल दिवा लागला. मी मागे जाऊन माझ्या जागी बसले. सासूबाईंनी टेपकडे वाकून, जसे नवऱ्याच्या कानात म्हणतात तसे, हळूच टाकले, "उंबराचे सावलीला कोन गो बसला?"

आणि कुणी झेलले नाही.

आतापर्यंत हसणाऱ्या त्या सगळ्या बायका दिव्याकडे बघत गप्प बसल्या होत्या. आपला आवाज समुद्रापलीकडे जाणार, कोण कुठला माणूस ऐकणार, या भीतीने एकीचेही तोंड उघडेना. काकी माझ्याकडे बघत होती, मी काकीकडे. सासूबाई मागे वळून पाहणार नाहीत हे मला माहीत होते. धवळारीण वळत नाही. पण त्यांची पाठ मला दिसत होती, आणि ती ताठ झाली होती. ओळ पडत होती.

मी आवंढा गिळला आणि म्हटले, "बसला गो, हलदीचा नवरा बसला."

एकटीने. माझा आवाज मांडवाच्या झावळ्यांना लागून परत आल्यासारखा वाटला. सासूबाईंनी लगेच पुढची ओळ टाकली. तीही मी झेलली. तिसरीला काकी आली, मग बाकीच्या आल्या आणि मी पुन्हा त्यांच्यात लपले. कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा धवळा संपला होता. सासूबाईंनी टेपवर तांदूळ टाकले.

"झाला," त्या म्हणाल्या. "आथा बसल एका जागी."

कॅसेट गेली. पुढच्या वर्षी खलाशाने काळी मोठी रेकॉर्ड आणली. पुठ्ठ्यावर दिरांचा फोटो होता. पण ती वाजवायची कशावर? गावात तसले यंत्र नव्हते. सासूबाईंनी ती फळीवर देवांशेजारी उभी करून ठेवली आणि रोज मला विचारू लागल्या, "सवाल जोडला का गो त्यानं?"

मी वाशीच्या सेक्टरांत भाजीची टोपली घेऊन जायची. तिथे बँकेतल्या एका साहेबांच्या बायकोकडे रेकॉर्डचे यंत्र होते. विचारायला मला पुष्कळ दिवस लागले. शेवटी एक दिवस रेकॉर्ड माठाच्या जुड्यांखाली ठेवून नेली.

"अगंबाई, ही परदेशातली!" बाई म्हणाल्या. "तुमचे दीर? खरंच? आत या ना, बसा."

मी उंबऱ्यातच बसले. आधी गिटार वाजली, मग ढोलक. मग ढोलक थांबली आणि सासूबाईंचा आवाज आला, त्या खोलीत, त्या सोफ्यावर. उंबराचे सावलीला कोण बसला? त्यानंतर दिरांनी काहीच भरले नव्हते. ना गिटार, ना बेंजो. ती सगळी शांतता तशीच ठेवली होती. मग कुणीतरी आवंढा गिळला, तो स्पष्ट ऐकू आला, आणि एक बाई गायली. त्या बाईमागून बेंजो आला.

"हे लोकगीत म्हणायचं की काय म्हणायचं?" बाई म्हणाल्या. "छान आहे पण. आणि ही दुसरी बाई कोण हो? रडतेय का मध्येच?"

"असल कोनतरी," मी म्हटले. रेकॉर्ड घेतली आणि उरलेली भाजी तशीच घेऊन घरी आले.

"जोडला," सासूबाईंना सांगितले.

त्यांनी देवाला हात जोडले. पण महिन्याभरात कार्ड आले. ते गाणे लोकांना फार आवडले होते, आणि आता सगळी मंडळी मोटारीत सामान भरून गावोगाव फिरत होती. फ्रान्स, जर्मनी, कुठे कुठे. मी गावांची नावे वाचत गेले. सासूबाई म्हणाल्या, "पुरे." मला त्यानंतर कितीतरी दिवस झोप लागली की मोटारच दिसायची. मी ठाण्याच्या पलीकडे गेलेली नाही, आणि माझा आवंढा मात्र गावोगाव फिरत होता.

दीर आले तेव्हा आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंनी इमारती झाल्या होत्या. त्यांचे केस पिकायला लागले होते. सोबत ती गोरी बाई. दारातून येताना तिचे डोके चौकटीला आपटले, आणि ती हसली, तेव्हा सासूबाईंनाही हसू आले. भाकरतुकडा ओवाळून दोघांना आत घेतले. दीर जेवायला बसले आणि गुडघा हलू लागला. सासूबाईंनी पाहिले. पळी हाताशीच होती, पण उचलली नाही.

जेवण झाल्यावर दीर म्हणाले, "आय, आथा मी इथं हाय. एक येल माज्यासमोर गा."

"झाला तुजा लगीन."

"त्यो मी नव्हतो. त्यो टेप होता."

"हलद लागली, तांदूल परले. माज्यासाठी तूच होतास." त्यांनी टेपकडे बोट केले. बटणांच्या फटीत पिवळे अजून होते. "दोन येला नाय लागत कुनाचा लगीन."

दीर हसले. मग त्यांना कळले की ही थट्टा नाही. "आय, जगभर गातो मी तो. तुज्या तोंडून एकदा पन नाय ऐकला."

"ऐकलास की. तुज्याच कानात गायले मी."

ते उठले आणि बाहेर गेले. तळ्याच्या काठाने पुढे जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. मी आत मासे करत होते आणि ती गोरी बाई माझ्याशेजारी बसून कोलंबी सोलत होती. तिला आमची बोली येत नव्हती, मला तिची. थोड्या वेळाने ती आपल्याशीच गायला लागली. "बसला गो." उच्चार वेडेवाकडे होते. पण त्याच्या आधी ती थांबली होती, आणि आवंढा गिळला होता. रेकॉर्डमधून शिकली होती. तिला वाटले होते की गाणे तसेच असते.



बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "ती मधी आवंढा कनाला गिलते गो?"

"तिकरं तसाच हाय," मी म्हटले.

दीर थोडे दिवस राहिले आणि गेले. जाताना सासूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "जा बाबा. पुरा घेऊन जातोस ना, मंग जा." त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी दिरांच्या भटकण्याची गोष्ट काढली नाही.

त्यानंतर वर्षभरात सासूबाईंना गायला दम पुरेनासा झाला आणि सवाल टाकायला आता काकी बसते. मी अजून झेलणाऱ्यांतच आहे. पण "बसला गो" या पहिल्या ओळीपाशी आले की माझा श्वास अडतो. परवा एका हळदीला माझ्याबरोबर बाकीच्याही तिथे थांबल्या. नवीन लग्न होऊन आलेल्या पोरीसुद्धा थांबल्या. मांडवात क्षणभर कुणाचाच आवाज नव्हता. काकीने मागे वळून पाहिले नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ओळ झेलली.